'कान देऊन ऐकल्यास' : एका जपानी चित्रपटाचा अभ्यास



आपल्या वार्षिक अंकाच्या मराठी विभागांत एखाद्या ग्रंथाचें परीक्षण बहुधा असतें. यंदां ग्रंथाऐवजीं एका चित्रपटाचा अभ्यास तुमच्यापुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे. चित्रपट म्हणजे केवळ करमणूक, त्याचा अभ्यास कसला, असें कोणी म्हणेल. परंतु चांगल्या काव्याप्रमाणें चांगला चित्रपटहि एकदां पाहून संपत नाहीं. तो पुन्हां आठवावा लागतो, त्याला प्रश्न विचारावे लागतात, आणि मग तो आपणांस प्रश्न विचारूं लागतो.

१. विषयप्रवेश

चौदावें-पंधरावें वर्ष हें मनुष्याच्या आयुष्यांतील एक चमत्कारिक वळण आहे. या वयांत बाळपण हातचें सुटलेलें असतें आणि तारुण्य अद्याप हातीं आलेलें नसतें. वडील मंडळी एका क्षणीं "आतां तूं का लहान आहेस?" म्हणून रागें भरतात, आणि दुसऱ्याच क्षणीं "तुला अजून काय कळतें?" म्हणून गप्प बसवितात. याच वयांत मनामध्यें दोन प्रश्न प्रथम उभे राहतात. पहिला प्रश्न, 'मी पुढें कोण होणार?' दुसरा प्रश्न बहुधा कोणापाशीं उघड बोलला जात नाहीं. तो असा कीं, 'अमुक एका मुलाची किंवा मुलीची चाहूल लागतांच माझें चित्त ठिकाणावर कां राहत नाहीं?' शाळेंत पहिल्या प्रश्नावर निबंध लिहवून घेतात. दुसऱ्या प्रश्नाविषयीं सर्वच मौन पाळतात. हें मौन हितकर आहे असें मला वाटत नाहीं. ज्या गोष्टीविषयीं शहाण्या माणसांशीं बोलतां येत नाहीं, ती गोष्ट मुलें अर्धवट माहितीच्या सोबत्यांकडून शिकतात.

ज्या चित्रपटाचा आपण विचार करणार आहों, त्यांत हे दोन्ही प्रश्न एकाच धाग्यांत ओविलेले आहेत. कोंवळ्या वयांतील प्रेम आणि स्वतःची घडण यांचें परस्परांशीं नातें काय, हेंच या पाठांत पाहावयाचें आहे.

२. चित्रपट व त्याचे कर्ते

चित्रपटाचें जपानी नांव 'मिमि ओ सुमासेबा' असें आहे. 'कान देऊन ऐकल्यास' असा त्याचा अर्थ. इंग्रजी जाणणाऱ्या प्रेक्षकांस तो 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' या नांवानें ठाऊक आहे. जपानांत तो १९९५ सालच्या जुलै महिन्यांत प्रथम दाखविला गेला. त्याची लांबी १११ मिनिटांची आहे. मूळ कथा आओइ हिइरागी या लेखिकेची. ती १९८९ सालीं 'रिबोन' नांवाच्या मुलींच्या मासिकांतून चित्रकथेच्या रूपानें प्रसिद्ध झाली होती. अशा चित्रकथांस जपानांत 'मांगा' म्हणतात.

चित्रपट स्टुडिओ जिब्ली या विख्यात संस्थेनें काढिला. पटकथा हायाओ मियाझाकी यांची, आणि दिग्दर्शन योशिफुमि कोंदो यांचें. मियाझाकींचें नांव जगभर झालें. कोंदो यांचें नांव मात्र पुष्कळांस माहीत नाहीं. त्यांचा जन्म १९५० सालचा. अनेक वर्षें त्यांनीं इतरांच्या चित्रपटांसाठीं पात्रें रेखाटिलीं व दुसऱ्यांचीं चित्रें तपासलीं. १९७९ सालची 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' ही दूरचित्रवाणीवरील मालिका आणि १९८८ सालचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा युद्धकाळांतील दोन भावंडांचा करुण चित्रपट यांतील पात्रें त्यांच्याच हातचीं आहेत. स्वतः दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट पुरा केला, तेव्हां ते पंचेचाळीस वर्षांचे होते. पुढें १९९८ सालच्या जानेवारींत, सत्तेचाळिसाव्या वर्षीं, त्यांस मृत्यु आला. त्यामुळें पहिला हाच त्यांचा शेवटचाहि ठरला. ज्या माणसानें इतकीं वर्षें दुसऱ्यांच्या कामांत आपली कला मुरवत ठेविली, त्यानें एकच संपूर्ण कृति आपल्या नांवानें मागें ठेवावी आणि तिचा विषय 'स्वतःची पारख' हा असावा, हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे.

३. रेखाटलेलें वास्तव

हा चित्रपट नटनटींनीं वठविलेला नाहीं. तो हातानें काढलेल्या चित्रांचा आहे. या प्रकारास 'अ‍ॅनिमेशन' म्हणतात. चित्रपटाची फीत एका सेकंदांत चोवीस चौकटी दाखविते. पात्रानें नुसती मान वळवावयाची झाली, तरी तिच्यासाठीं क्रमाक्रमानें अनेक चित्रें काढावीं लागतात. कधीं एकच चित्र दोन किंवा तीन चौकटींपुरतें कायम ठेवितात, तरीहि एका सेकंदास आठ ते बारा चित्रें लागतात. त्या काळीं हीं चित्रें कागदावरून पारदर्शक पत्र्यावर उतरवून रंगवीत आणि निराळ्या रंगविलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून त्यांचें छायाचित्र घेत.

चित्रांच्या चित्रपटांत राक्षस, पऱ्या आणि बोलणारे प्राणी असावयाचे अशी आपली समजूत असते. येथें मात्र टोकियोच्या पश्चिमेस असलेल्या तामा या उपनगराचें साधें दर्शन आहे. सेइसेकी-साकुरागाओका हें तेथील आगगाडीचें स्थानक, टेंकडीवर चढत जाणारे नागमोडी रस्ते, आणि एकसारख्या दिसणाऱ्या बहुमजली इमारती. नायिकेच्या घरांत पुस्तकें इतकीं कीं हलावयास जागा नाहीं. दोघी बहिणींना मिळून एकच खोली. त्यांचे बिछाने एकावर एक. नायिका प्रथम आपल्या दृष्टीस पडते ती रात्रीं दुकानांतून दूध घेऊन परत येतांना.

येथें एक विचार करण्यासारखा आहे. कॅमेऱ्यासमोर खरी खोली असली कीं तिच्यांतील पसारा आपोआप चित्रांत येतो. रेखाटलेल्या चित्रांत आपोआप असें कांहींच येत नाहीं. टेबलावरील कप, दारांतील जोडे, गाडीच्या हेलकाव्याबरोबर डुलणारे उतारू, हें सर्व कोणीतरी मुद्दाम ठरवून काढिलेलें असतें. म्हणून चित्रांचा चित्रपट जेव्हां साध्या संसाराकडे वळतो, तेव्हां तो जणूं सांगत असतो कीं, हें साधें जिणेंहि बारकाईनें पाहण्याच्या योग्यतेचें आहे. 'कान देऊन ऐकल्यास' या नांवाचा पहिला अर्थ हाच.

४. कथानक

शिझुकू त्सुकिशिमा ही चौदा वर्षांची मुलगी कनिष्ठ माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत शिकत आहे. जपानांत सहा वर्षें प्राथमिक व तीन वर्षें कनिष्ठ माध्यमिक असें नऊ वर्षांचें शिक्षण सक्तीचें आहे. पुढच्या शाळेंत जावयाचें तर प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. त्यामुळें हें वर्ष तेथील मुलांना आपल्याकडील शालान्त परीक्षेच्या वर्षासारखेंच धास्तीचें वाटतें. शिझुकूला परीक्षेपेक्षां गोष्टींच्या पुस्तकांचा नाद अधिक. तिचे वडील सार्वजनिक ग्रंथालयांत काम करतात. आई मोठ्या वयांत पुन्हां विद्यापीठांत शिकत आहे.

त्या काळीं पुस्तकाच्या आंत एक पत्रिका असे, आणि पुस्तक नेणाऱ्यांचीं नांवें तिच्यावर लिहिलेलीं असत. शिझुकूच्या ध्यानांत येतें कीं, आपण जें जें पुस्तक घेतों, तें तें 'सेइजी आमासावा' नांवाच्या कोणीतरी आपल्याआधीं नेलेलें आहे. हा कोण असेल? कसा असेल? न पाहिलेल्या त्या वाचकाभोंवतीं तिची कल्पना घिरट्या घालूं लागते.

एके दिवशीं वडिलांचा जेवणाचा डबा घेऊन ती आगगाडीनें निघते, तों डब्यांत एक गलेलठ्ठ मांजर चढतें. कुतूहलानें त्याचा माग काढीत ती टेंकडीवरील एका जुन्या वस्तूंच्या दुकानांत येऊन पोंचते. दुकानाचे मालक निशी नांवाचे वृद्ध गृहस्थ. तेथें एक अजब घड्याळ आहे आणि माणसासारखा पोशाख केलेली एका मांजराची मूर्ति आहे. तिचें नांव बॅरन. निशींचा नातू त्याच दुकानाच्या तळघरांत व्हायोलिन तयार करावयास शिकत असतो. हा तोच मुलगा, ज्यानें पूर्वीं एकदां तिच्या गाण्याची थट्टा केली होती आणि ज्याला तिनें 'मेला दुष्ट' म्हटलें होतें. आणि हाच सेइजी आमासावा!

सेइजीचा बेत इटलींतील क्रेमोना नगरांत जाऊन व्हायोलिन घडविण्याची विद्या शिकण्याचा आहे. क्रेमोना हें आमाती घराण्याचें आणि १७३७ सालीं निवर्तलेल्या अंतोनिओ स्त्रादिवारीचें गांव. व्हायोलिन घडविण्याची शाळाहि तेथें १९३८ सालीं स्थापन झाली. घरच्यांचा विरोध असल्यामुळें सेइजीला प्रथम दोन महिन्यांपुरतेंच पाठवावयाचें ठरतें. त्याच्या अंगीं खरोखर गुण आहे कीं नाहीं, हें तेथील उस्ताद पाहणार.

सेइजी निघून जातो आणि शिझुकूला स्वतःची लाज वाटूं लागते. तो आपल्या वाटेनें इतका पुढें गेला. मी मात्र कशाचाच ठाव न लागलेली! अखेर तीहि एक पण करते. तो परत येईपर्यंत आपणहि एक संपूर्ण गोष्ट लिहावयाची. बॅरनला नायक करण्यास निशी आजोबा आनंदानें परवानगी देतात. त्यांची अट एकच, पहिला वाचक मी असावयाचें. ती रात्रंदिवस लिहिते. परीक्षेंत तिचा क्रमांक शंभरांनीं घसरतो. घरांत वाद होतो. परंतु गोष्ट पुरी होते. ती उत्तम झालेली नाहीं, हें तिला स्वतःलाच कळतें. शेवटीं सेइजी एके पहांटे ठरल्यापेक्षां एक दिवस आधींच परत येतो, आणि दोघें टेंकडीवरून सूर्योदय पाहतात.

गोष्ट एवढीच. यांत कोणी मरत नाहीं, कोणी पळून जात नाहीं, कोणी खलनायक नाहीं. आतां यांतील पांच प्रसंग जरा थांबून पाहूं.

५. पांच प्रसंगांचा विचार

पहिला प्रसंग पत्रिकेवरील नांवाचा. शिझुकूचें मन प्रथम जडतें तें कोणाच्या रूपावर नव्हे. जो आपल्यासारखींच पुस्तकें वाचतो, तो आपल्यासारखाच विचार करीत असेल, या तर्कावर तें जडतें. पुढें उलगडा होतो कीं, सेइजीनें तिला फार पूर्वींच ग्रंथालयांत पाहिलें होतें, आणि पत्रिकेवर आपलें नांव तिच्याआधीं लागावें म्हणूनच तो भराभर पुस्तकें नेत असे. एका मुलीचें लक्ष वेधण्यासाठीं त्यानें केलें काय? पुस्तकें वाचलीं! प्रेमाची जात ओळखावयाची एक चांगली कसोटी येथें हातीं लागते. ज्या ओढीनें मनुष्य पूर्वींपेक्षां अधिक वाचूं, शिकूं, घडूं लागतो, ती ओढ एका प्रकारची. ज्या ओढीनें त्याचीं असलेलीं कामेंहि सुटत जातात, ती दुसऱ्या प्रकारची.

दुसरा प्रसंग देवळाच्या आवारांतील. शिझुकूची मैत्रीण यूको हिचें मन सुगिमुरा या वर्गमित्रावर आहे. त्याला याची गंधवार्ता नाहीं. इतकेंच नव्हे, तर आपल्या एका मित्राच्या पत्राचें उत्तर द्यावें म्हणून तोच तिच्याकडे रदबदली करतो. यूको रडत निघून जाते. शिझुकू त्याला 'तुला कांहीं कळतच नाहीं' म्हणून खडसावते, आणि तेव्हां तो तिलाच सांगून टाकतो कीं, माझें मन तुझ्यावर आहे. ती गोंधळून जाते, परंतु खोटें बोलत नाहीं. आपण लहानपणापासूनचे मित्र आहों, त्यापलीकडे माझ्या मनांत कांहीं नाहीं, असें ती स्पष्ट सांगते. सुगिमुरा दुखावतो, तरी तो संतापत नाहीं, तिची नालस्ती करीत नाहीं. मित्र म्हणून राहशील ना, एवढेंच विचारतो. घरीं आल्यावर शिझुकू स्वतःला म्हणते कीं, न कळणारी खरी मीच. नकार देणें आणि नकार घेणें या दोन्ही गोष्टी सभ्यपणानें करतां येतात, हें या दोन मिनिटांत दिसतें. मुलग्यांनीं हा प्रसंग विशेष लक्षांत ठेवावा. नकार म्हणजे अपमान नव्हे.

तिसरा प्रसंग घरांतील. गुण घसरल्यावर थोरली बहीण शिहो तिला फैलावर घेते. पुढच्या शाळेंत न जातां जगणें इतकें सोपें वाटतें काय, हा तिचा सवाल रास्तच आहे. मग आईवडील शिझुकूला समोर बसवितात. वडील ओरडत नाहींत. तूं जें करीत आहेस तें आतांच केलें पाहिजे इतकें महत्त्वाचें आहे काय, एवढें ते विचारतात. ग्रंथालयांत तिला खपतांना त्यांनीं पाहिलेलें असतें. ती उत्तर देते कीं, होय, वेळ थोडा आहे, आणि मला स्वतःची परीक्षा पाहावयाची आहे. वडील परवानगी देतात. परंतु सोबत एक जड गोष्टहि तिच्या हातीं ठेवतात. सर्वांहून निराळ्या वाटेनें जाणें कठीण असतें, आणि त्या वाटेवर कांहींहि झालें तरी दोष दुसऱ्या कोणावर टाकतां येत नाहीं, असें ते तिला बजावतात. आई एवढेंच म्हणते कीं, जेवणाच्या वेळीं मात्र आमच्याबरोबर येऊन बसत जा. मोकळीक, जबाबदारी आणि घरचें ताट या तिन्ही गोष्टी त्या टेबलाशीं तिला एकदम मिळतात. यांतील एकहि वगळली असती तर बाकीच्या दोहोंनीं काम भागलें नसतें.

चौथा प्रसंग दगडाचा. शिझुकू लिहावयास निघते तेव्हां निशी आजोबा तिला एक खडकाचा तुकडा दाखवितात. त्याच्या भेगेंतून आंत हिरवट तेज दिसतें. तें पाचूच्या जातीचें कच्चें रत्न आहे. तूं आणि सेइजी या दगडासारखीं आहां, असें ते सांगतात. तुमच्यांतील रत्न तुम्हांसच शोधावें लागेल आणि तुम्हांसच घांसावें लागेल. पुढें ते आणखी एक गोष्ट सांगतात, ती फार खोल आहे. दगडांत जो मोठा तुकडा प्रथम दिसतो, तो घांसल्यावर कवडीमोल ठरण्याचाहि संभव असतो. आंतला लहानसा तुकडाच कदाचित् अस्सल निघेल. आणि कोणी सांगावें, याहून चांगलें असें एखादें बाहेरून अजिबात दिसतहि नसेल! या बोलण्यानें शिझुकूला धीर येतो आणि धास्तीहि वाटते. तिला स्वप्न पडतें कीं, आपण एका अंधाऱ्या भुयारांत चकाकणाऱ्या दगडांमधून खरें रत्न शोधीत आहों. एक उचलून पाहावें, तों हातांत पांखराचें मेलेलें पिल्लूं! आपल्यांत कांहींच नसलें तर? ज्यानें ज्यानें मनापासून कांहीं करून पाहिलें आहे, त्याला हें भय ओळखीचें असेल.

गोष्ट पुरी होतांच ती धांवत जाऊन आजोबांच्या हातीं वही देते आणि, आतांच्या आतां वाचा, म्हणून हट्ट धरते. ते वाचीत असतां ती बाहेर थंडींत एकटी बसून राहते. वाचून झाल्यावर ते तिची खोटी स्तुति करीत नाहींत, कीं चुका काढीत बसत नाहींत. तुझी गोष्ट सेइजीनें केलेल्या व्हायोलिनसारखी आहे, ओबडधोबड, अपुरी, पण खरी, असें ते म्हणतात. घाई करूं नकोस, सावकाश घांस. हें ऐकून तिला रडूं कोसळतें. नुसती इच्छा पुरत नाहीं, शिकावें लागतें, हें लिहितां लिहितां मला कळलें, असें ती सांगते. मग आजोबा तिला ऊन ऊन शेवयांचें भांडें खाऊं घालतात आणि तो दगड तिलाच देऊन टाकतात. घरीं येऊन ती आईला म्हणते कीं, आतां मी पुन्हां परीक्षेची विद्यार्थिनी. या ठिकाणीं तिच्यावर कोणी सक्ति केलेली नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. जी मुलगी पूर्वीं अभ्यास टाळीत होती, तीच आतां गरज ओळखून अभ्यासाकडे वळते.

पांचवा प्रसंग चढणीचा. पहांटेच्या काळोखांत सेइजी तिला सायकलवर मागें बसवून टेंकडी चढूं लागतो. चढ उभा आहे. तो घामाघूम होतो. तरी तुला घेऊनच चढेन, हा त्याचा निर्धार. शिझुकू खालीं उडी मारते. मला नुसतें ओझें व्हावयाचें नाहीं, मलाहि उपयोगी पडावयाचें आहे, असें म्हणून ती मागून सायकल ढकलूं लागते. सर्व चित्रपटाचें सार या एका चढणीवर आहे. कित्येक कथांतून नायिका मागें बसते आणि नायक तिला वाहून नेतो. येथें दोघांचाहि दम लागलेला आहे, आणि सायकल दोघांच्या बळानें वर जाते.

६. गाण्याविषयीं थोडेंसें

चित्रपटांत 'टेक मी होम, कंट्री रोड्स' हें जॉन डेन्व्हरनें गायिलेलें १९७१ सालचें अमेरिकन गीत वारंवार येतें. शिझुकू त्याचें जपानी भाषांतर करीत असते. पहिला प्रयत्न साधारण उतरतो. मग ती गंमतीनें त्याचें विडंबन करते. डोंगरांतील गांवच्या वाटेऐवजीं जंगल तोडून केलेल्या काँक्रीटच्या रस्त्याचें गाणें! या विनोदांत एक खरी अडचण लपलेली आहे. मूळ गीत गांवाकडे परत जाण्याच्या ओढीचें. आणि तामाच्या टेंकड्या सपाट करून उभारलेल्या वस्तींत वाढलेल्या मुलीला असा गांव कोठला? आपल्याकडेहि मुंबईंत जन्मून कोंकणांतला गांव केवळ मे महिन्याच्या सुटींत पाहणारीं मुलें आहेत; त्यांस हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाहीं. अखेर तिच्या भाषांतरांत परत जाण्याऐवजीं एकट्यानें पुढें निघण्याचा भाव येतो. ओढ आहे, पण परतणें नाहीं. शब्दाला शब्द ठेविल्यानें भाषांतर होत नाहीं, आपल्या अनुभवाशीं तें ताडून पाहावें लागतें, हा धडा आपल्या भाषांतराच्या तासालाहि उपयोगी आहे.

७. दोन आक्षेप

कोणी म्हणेल कीं, अभ्यास टाकून गोष्टी लिहिणाऱ्या मुलीचें कौतुक विद्यार्थ्यांपुढें कशाला? याचें उत्तर असें कीं, चित्रपट अभ्यास टाकण्याचें कौतुक करीत नाहीं. त्याची किंमत तो पुरेपूर दाखवितो. शिझुकूनें मागितलेली सवलत थोड्या आठवड्यांची होती, तिला ठरलेली मुदत होती, आणि मुदत संपल्यावर वही पुरी झालेली होती. 'मला अभ्यासाचा कंटाळा आहे' आणि 'मला एक काम पुरें करावयाचें आहे' या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेवटीं सूर्योदयाच्या वेळीं सेइजी पुढेंमागें विवाह करण्याची गोष्ट काढतो आणि शिझुकू होकार देते. त्या वयाला हा शब्द मोठा आहे, असें मलाहि वाटतें. पंधराव्या वर्षीं दिलेल्या वचनाचें पुढें काय होईल, हें कोणीं सांगावें? परंतु वचनानंतर त्यांच्यापुढें काय वाढून ठेविलें आहे तें पाहा. सेइजीला शाळा संपवून पुन्हां दूरदेशीं जावयाचें आहे, आणि शिझुकूला पुढच्या शाळेंत शिकावयाचें आहे. शब्द घाईचा असेल. वाट मात्र लांबची आणि कष्टाची आहे, आणि ती दोघांनींहि आनंदानें पत्करली आहे.

८. उपसंहार

शेवटीं माझी स्वतःची एक गोष्ट सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें मधल्या सुटींत संकोचानें मला एक वही आणून दिली. तींत त्यानें एक दीर्घ गोष्ट लिहिली होती. मीं ती त्याच रात्रीं वाचली, लाल शाईनें ऱ्हस्वदीर्घाच्या सर्व चुका दाखविल्या, आणि दुसऱ्या दिवशीं 'शुद्धलेखनाकडे लक्ष दे' असें सांगून परत केली. मीं दाखविलेल्या चुका बरोबर होत्या. परंतु गोष्ट कशी आहे याविषयीं मीं एक अक्षरहि बोललों नाहीं. त्या मुलानें पुन्हां कधीं वही आणिली नाहीं. निशी आजोबा वही मिटून बाहेर येतात, तो प्रसंग मीं प्रथम पाहिला, तेव्हां मला त्या मुलाचा चेहरा आठवला आणि पुढचीं कांहीं मिनिटें पडद्यावर काय चाललें आहे तें मला दिसलें नाहीं.

म्हणून 'कान देऊन ऐकल्यास' हें नांव केवळ मुलांसाठीं नाहीं. मुलांनीं आपल्या अंतःकरणाचा आवाज ऐकावा, हें खरें. परंतु वडिलांनीं व शिक्षकांनींहि मुलांचा आवाज ऐकावयास शिकावें. प्रत्येकाला शिझुकूसारखे आईबाप आणि निशींसारखे आजोबा लाभत नाहींत. ज्यांस लाभले नाहींत, त्यांनीं निराश होऊं नये. एखादा मित्र, एखादी थोरली बहीण, ग्रंथालयांतील एखादें माणूसहि चांगला पहिला वाचक होऊं शकतें. आणि तुम्हांपैकीं कोणापुढें उद्यां एखाद्या सोबत्यानें संकोचानें वही धरली, तर ती हंसण्यावारी नेऊं नका.

आरंभीं मीं दोन प्रश्न मांडिले होते. 'मी कोण होणार?' आणि 'माझें मन अमक्याकडे कां ओढतें?' चित्रपट सांगतो कीं, कोंवळ्या वयांतील निर्मळ प्रेम हें दुसऱ्या प्रश्नाच्या दारानें येतें आणि आपणांस पहिल्या प्रश्नापुढें नेऊन उभें करतें. दुसऱ्याचें तेज पाहून मनुष्याला आपल्या आंतील दगडाची आठवण होते. मग त्यानें हेवा करावा, रडत बसावें, कीं दगड घांसावयास घ्यावा, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. शिझुकूनें दगड घांसावयास घेतला. तो अजून चकाकत नाहीं. परंतु तो तिच्या हातांत आहे, आणि पुढचा चढ तिला आतां दिसतो आहे.

अभ्यासार्थ प्रश्न

१. रेखाटलेल्या चित्रपटांत 'आपोआप असें कांहींच येत नाहीं' या विधानाचा अर्थ सांगून त्याचें एक उदाहरण तुम्हीं पाहिलेल्या दुसऱ्या चित्रपटांतून द्या.

२. सुगिमुराच्या वागण्यांतील कोणती गोष्ट तुम्हांस अनुकरणीय वाटते? कां?

३. शिझुकूच्या वडिलांनीं परवानगी देतांना सांगितलेली जबाबदारी आपल्या शब्दांत लिहा. परवानगी नाकारली असती तर काय झालें असतें असें तुम्हांस वाटतें?

४. 'प्रथम दिसणारा मोठा तुकडा अस्सल असेलच असें नाहीं.' या विचाराचा तुमच्या स्वतःच्या आवडीनिवडींशीं कांहीं संबंध जुळतो काय? दहा ओळींत लिहा. हें उत्तर शिक्षकांस दाखवावें अशी सक्ति नाहीं.